आगाखान पॅलेस बघायला सासूबाई आणि लेकीला घेऊन जायचंय, माहिती हवी

बार्शीकरीण:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात खराडीला नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, त्यासाठी आम्ही पुण्याला येतोय. लग्न रविवारी, सोमवार पूजेत जाणार आणि परतीची गाडी बुधवारी सकाळची, म्हणजे मंगळवार आख्खा रिकामा आहे. सोबत माझ्या सासूबाई आणि पाचवीतली लेक. मिस्टर लग्न उरकून सोमवारीच परत जाणार, त्यामुळे मंगळवारी आम्ही तिघीच.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, झेडपीच्या शाळेत मास्तरीण होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सपाट जागी काठी घेऊन छान चालतात पण जिने म्हटलं की घाबरतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी बसायला जागा लागते. आयुष्यात त्यांनी स्वतःहून कुठे न्या म्हणून कधी म्हटलं नाही, अगदी पंढरपूरलाही आम्ही म्हटलं चला तर आल्या. यावेळी मात्र पुण्याचं ठरल्याबरोबर म्हणाल्या, मला कस्तुरबांची समाधी बघायचीय, इतकी वर्षं पोरांना शिकवलं पण स्वतः कधी पाहिली नाही. त्यामुळे जायचं तर नक्कीच आहे, त्यावर चर्चा नको. घरातले सगळे सांगतायत की तिथे बघण्यासारखं काही नाही, शनिवारवाडा दाखव, सारसबाग दाखव वगैरे, म्हणून इथे विचारतेय.

मला हे कळायला हवंय की समाधी मुख्य इमारतीपासून किती लांब आहे, चालवेल का त्यांना, आत बागेत निवांत बसता येतं का, आणि किती वेळ ठेवावा. लेकीला आत्ताशी गांधीजी म्हणजे नोटेवरचे आजोबा एवढंच माहितीय, तिला तिथे काय दाखवू म्हणजे ती कंटाळणार नाही? आणि आजूबाजूला अजून काही जोडून होत असेल तर तेही सांगा.

नगररोडकर:

ताई, अजिबात काळजी करू नका, खराडीहून तर हे हाकेच्या अंतरावर. नगर रोडने शहराकडे यायला लागलात की विमाननगर, रामवाडी गेलं की थोड्या वेळात उजव्या-डाव्या बाजूला काय ते बघत बसू नका, रिक्षावाल्याला आगाखान पॅलेसचं गेट सांगा, इथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला माहितीय. सकाळी नऊ-साडेनऊला पोचा. त्या वेळेला ऊन कोवळं असतं आणि शाळांच्या सहली अजून आलेल्या नसतात. मंगळवार म्हणजे तसंही गर्दी कमीच. तिकीट आपल्याला २५ रुपये, आणि १५ वर्षांखालच्या पोरांना फुकट.

गुडघ्यांचं म्हणाल तर चालायचं जे आहे ते बहुतेक सगळं सपाट. गेटपासून इमारतीपर्यंत रस्ता, मग इमारतीत चढायला थोड्या पायऱ्या, आणि मग समाधी मागच्या बाजूला बागेच्या टोकाला. रमतगमत गेलात तर पाच-सात मिनिटं, सासूबाईंच्या चालीने दहा धरा. मधे झाडाखाली थांबत जा. मी माझ्या आईला नेलं होतं तेव्हा एक फोल्डिंगचं छोटं स्टूल बरोबर नेलं होतं, त्याचा इतका उपयोग झाला की काय सांगू, कारण हवं तिथे थांबायचं आणि बसायचं, बाक शोधत फिरायला नको. पाण्याची बाटली, टोपी, आणि पायात सहज काढता येतील अशा चपला, कारण समाधीपाशी त्यांना चपला काढाव्याशा वाटणारच.

मेट्रोचीही सोय झालीय. आता वनाज ते रामवाडी लाईन पूर्ण चालू आहे, कल्याणीनगर स्टेशनला उतरून रिक्षा करायची. आणि गंमत म्हणजे ही मेट्रो आधी सरळ नगर रोडवरूनच, पॅलेसच्या दारावरून जाणार होती. पण राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक असलं की त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, म्हणून मग लाईन वळवून कल्याणीनगरमधून नेली. आम्ही इथे राहणाऱ्यांनी ते सगळं डोळ्यासमोर बघितलंय. मला तर बरंच वाटलं. त्या शांत बागेच्या डोक्यावरून दर पाच मिनिटांनी गाडी गेली असती तर काय राहिलं असतं.

वेळ दोन-अडीच तास ठेवा. लोक पाऊण तासात बघून येतात आणि मग म्हणतात काही नाही तिथे.

रिकामी_पिशवी:

मला वेगळं सांगावंसं वाटतंय, राग मानू नका. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, माझी मुलं खरंच कंटाळली. फोटो, चित्रं, काही वस्तू, भिंतीवर भरपूर मजकूर, तो पोरं वाचत नाहीत. पाचवीतल्या मुलीला केळकर म्युझियम जास्त आवडेल असं मला वाटतं, तिथे अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, बाहुल्या, वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्यात एका माणसाने आणि तेही गेलेल्या लहानग्या मुलाच्या आठवणीसाठी. पण हो, तिथे जिने आहेत, सासूबाईंना जमणार नाही. तेव्हा तुम्हीच ठरवा.

जुनं_पान:

@रिकामी_पिशवी, तुमचं खोटं नाही, पण ही वस्तू बघायची जागाच नाहीये हो. ही एक घडलेली गोष्ट आहे आणि ती माहिती असली तर त्या रिकाम्या व्हरांड्यातही माणूस तासभर उभा राहतो. ताई, मी जरा लांब लिहितोय, कारण जाण्याआधी लेकीला ही गोष्ट घरीच सांगितलीत तर तिथे गेल्यावर ती स्वतः शोधत फिरेल.

आधी घराचं सांगतो. १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी, म्हणजे इस्माइली पंथाच्या प्रमुखांनी, हा महाल बांधायला घेतला, आणि ते स्वतः तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, हे तिला नक्की सांगा. त्या काळात या भागात दुष्काळाने लोकांचे हाल होते, हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं असं सांगतात. पाच वर्षं चाललं. सगळी जागा मिळून १९ एकर, त्यातला बराचसा भाग मोकळा, म्हणजे बागच. इमारतीला चहूबाजूंनी कमानींचा अडीच मीटर रुंद व्हरांडा आहे, हा व्हरांडा लक्षात ठेवा.

आता १९४२. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'करेंगे या मरेंगे' झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना अटक झाली. पुणे स्टेशनला गर्दी होईल म्हणून त्यांना चिंचवडलाच गाडीतून उतरवून मोटारीने इथे आणलं. येरवडा जेल एवढं जवळ असताना तिथे नेलं नाही, या महालालाच जेल केलं, भोवती काटेरी तार आणि पहारा. बरोबर महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन. कस्तुरबा त्या दिवशी मुंबईत होत्या. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत नवऱ्याच्या जागी त्या बोलणार होत्या, तर त्यांनाही सभेआधीच पकडलं आणि मग डॉ. सुशीला नय्यर यांच्यासोबत इथे आणून सोडलं. वय ७३ आणि तब्येत आधीच खालावलेली.

आणि मग आठवडाही झाला नाही तोच १५ ऑगस्टला सकाळी महादेवभाई गेले. हार्ट अटॅक. वय ५०. पंचवीस वर्षं ज्या माणसाने गांधीजींचा शब्दन् शब्द टिपून ठेवला तो असा अचानक. गांधीजी त्यांना महादेव, महादेव अशा हाका मारत राहिले, त्यांना वाटत होतं की एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं तर हा उठेल. शेवटची अंघोळ त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. बाहेर न्यायची परवानगी नव्हती म्हणून या बागेतच एका कोपऱ्यात दहन केलं. तो कोपरा म्हणजेच तुम्ही बघायला जाताय ती जागा. पाचच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. मला १५ ऑगस्टला झेंडावंदनाला उभं राहिलं की दरवर्षी हे आठवतंच.

त्यानंतर गांधीजी रोज त्या जागी फुलं घेऊन जायचे. बंदिवासातला सकाळ-संध्याकाळचा फेरफटका, आणि त्यातला ठरलेला मुक्काम तो. म्हणून मी म्हणतो की समाधीकडे चालत जाताना घाई करू नका, ती वाट हीच. १९४३ च्या फेब्रुवारीत इथेच त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं, १० फेब्रुवारीला सुरू करून ३ मार्चला सोडलं. सरकारने तर ते वाचणार नाहीत असं धरून चितेच्या चंदनाची व्यवस्थाही करून ठेवली होती. ते वाचले. चंदन तसंच पडून राहिलं आणि वर्षभराने ते कस्तुरबांच्या चितेला लागलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं.

बा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीचा दिवस होता, संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून. धाकटा मुलगा देवदास पेनिसिलिन मागवून घेऊन आला होता, तेव्हा ते अगदी नवीन औषध. गांधीजींनी सांगितलं की आता तिला सुया टोचून त्रास देऊ नका. बरोबर की चूक ते मी बोलणार नाही, घरात शेवटचं आजारपण काढलेल्या माणसाला तो प्रसंग कळतो. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. दहन महादेवभाईंच्या शेजारीच. गांधीजी शेवटपर्यंत तिथे बसून राहिले, लोक म्हणाले आत जाऊन पडा थोडं, तर साठ वर्षांच्या वर सोबत केलेल्या माणसाला आता कसं सोडून जाऊ असं म्हणाले. आणि राख गोळा करताना बांच्या हातातल्या पाच काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या. तडासुद्धा गेला नव्हता.

६ मे ला गांधीजींना सोडलं, मलेरियाने आजारी होते म्हणून. जाताना महादेवभाई आणि बा, दोघांना या बागेत ठेवून गेले.

सासूबाईंसाठी अजून एक. त्या शिक्षिका आहेत म्हणून सांगतो. या महालात बंदिवासात असताना गांधीजी बांना रोज शिकवत असत, गुजराती वाचन आणि भूगोल. वयाच्या सत्तरीनंतर त्या पुस्तक घेऊन बसायच्या. आणि संध्याकाळी कॅरम खेळायच्या, मनापासून आवडायचा त्यांना. लेकीला हे सांगा, बघा तिचे डोळे कसे होतात.

निशिगंध:

जुनं_पान, तुमचं वाचून गळा दाटून आला. मी फक्त बागेबद्दल लिहिते.

ताई, आधी इमारतीत जाऊ नका असं माझं मत. आत शिरल्यावर समोर ती मोठी हिरवळ आणि कमानींची पांढरी इमारत दिसते, तिथेच कडेला सावलीत दहा मिनिटं सासूबाईंना बसू द्या. लेकीला हिरवळीच्या कडेने एक चक्कर मारून येऊ दे. मग इमारतीत जा, गांधीजींची खोली दारापाशी उभं राहून बघा, चरखा, चपला, भांडी, जपमाळ अशा वस्तू आहेत, इतक्या थोड्या की मोजता येतील. माझ्या भाच्याने खरंच मोजल्या होत्या आणि मला विचारलं, एवढ्या मोठ्या घरात एवढंच सामान? मला वाटतं त्याला जे कळायचं ते तिथेच कळलं. आणि मग शेवटी समाधी, म्हणजे तिथून उठून पुन्हा कुठे जायचं उरत नाही, हवं तितका वेळ बसता येतं.

समाधीची जागा चार्ल्स कोरिआंनी डिझाईन केलीय, साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय ज्यांनी केलं तेच. मोठं, उंच, भव्य असं काहीही तिथे नाही. संगमरवराच्या दोन समाध्या शेजारी शेजारी, तुळस, आणि गांधीजींच्याही थोड्या अस्थी तिथेच ठेवल्यात. जागा झाडांनी वेढलेली असल्यामुळे नगर रोड एवढा जवळ असून हॉर्नचा आवाज मागे पडतो आणि पक्षी ऐकू यायला लागतात, आणि सकाळी लवकर गेलात तर झाडलोट करणाऱ्या मावशींच्या खराट्याचा आवाज येतो. तो खराट्याचा आवाज मला फार आवडतो, आश्रमात असल्यासारखं वाटतं.

एक विनंती, ही ताईंना नाही, वाचणाऱ्या सगळ्यांनाच. मी मागच्या वेळी गेले तेव्हा समाधीच्या अगदी जवळ एक ग्रुप रील काढत होता, मोबाईलवर गाणं मोठ्याने लावून, पाच-सहा वेळा तेच तेच. मी जाऊन सांगितलं की बाळांनो इथे दोन माणसांना अग्नी दिलाय. तर त्यातली एक मुलगी एकदम ओशाळली आणि म्हणाली, मावशी, आम्हाला माहितीच नव्हतं, आम्हाला वाटलं गार्डन आहे. बंद केलं त्यांनी लगेच. म्हणजे पोरं वाईट नाहीत, सांगणारं कुणी नाही. त्यामुळे आपण गेलो आणि असं दिसलं तर रागावू नका, जवळ जाऊन गोष्ट सांगा.

बार्शीकरीण:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काय बोलू. जुनं_पान, तुमचं उत्तर मी काल रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, बांगड्यांपाशी आल्यावर त्या म्हणाल्या थांब जरा, मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. फोल्डिंगच्या स्टुलाची आयडिया भारी आहे, आजच ऑर्डर केलं.

अजून एक विचारते. जेवून दुपारी विश्रांती घेतली तर चार वाजता अजून एक ठिकाण होईल का? जास्त चालायचं नको आणि सासूबाईंना आवडेल असं.

पेठेतला:

फुलेवाडा बघा ताई, गंज पेठेत. शिक्षिका आहेत म्हणता ना, मग त्यांच्यासाठी हे पंढरपूरच आहे. खराडीहून मात्र ट्रॅफिकमधे तास धरा, रिक्षा दारापर्यंत येत नाही कधीकधी, गल्ली अरुंद आहे, पण चालायचं फार नाही.

जोतिराव आणि सावित्रीबाई राहायचे ते घर, साधं, कौलारू, लाकडी खांब, अंगण. आगाखान पॅलेसच्या अगदी उलट, पण दोन्हीकडे घर म्हणजे नुसतं घर नाही. अंगणातला हौद बघायला विसरू नका. १८६८ साली जोतिरावांनी हा घरचा हौद अस्पृश्यांना पाण्यासाठी खुला केला. ज्या काळात सावली पडली तरी चालत नव्हतं त्या काळात. मी लहानपणापासून या भागात राहतोय, पण त्या हौदाच्या काठाशी गेलो की अजूनही हात लावून बघतो.

आणि इथेही बागेतलीच समाधी म्हणा, तुळशीवृंदावन आहे. आपल्याला जाळू नका, घराच्या मागे मिठात पुरा अशी जोतिरावांची इच्छा होती आणि त्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता, पण परवानगी मिळाली नाही, मग दहन करावं लागलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे न्यायचं मडकं, धरायचा मान सांगायला भाऊबंद आले तर सावित्रीबाईंनी स्वतः ते हातात घेतलं आणि पुढे चालल्या. नंतर अस्थी इथे आणून ठेवल्या. लेकीला हा प्रसंग सांगाच. माझ्या मुलीला मी तिथेच उभं करून सांगितला होता.

एकाच दिवशी दोन्ही झालं तर सकाळी कस्तुरबा आणि संध्याकाळी सावित्रीबाई. मला तर ऐकूनच बरं वाटतंय. पण सासूबाई दमल्या तर हट्ट करू नका, एकच बघा पण नीट बघा.

नगररोडकर:

+१. आणि आगाखानला बाहेर पडताना खादीचं दुकान आहे आवारातच, तिथे दहा मिनिटं ठेवा. आईला तिथून घेतलेली टॉवेलची जोडी चार वर्षं झाली अजून वापरतोय.

बार्शीकरीण:

सव्वा महिना झाला, परत येऊन लिहीन म्हटलं होतं ते राहूनच गेलं, लग्नाच्या धावपळीनंतर लेकीच्या परीक्षा. आज वेळ मिळालाय तर सविस्तर लिहिते, पुढे कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असेल त्यांना उपयोग होईल.

साडेनऊला पोचलो. निशिगंध, तुम्ही सांगितलं तसंच केलं, आधी हिरवळीच्या कडेला बसलो. थंडी होती, गवतावर दव होतं, लेकीच्या चपला ओल्या झाल्या. सासूबाईंनी डब्यातला शिरा काढला, पूजेचा प्रसाद राहिला होता तो, आणि तिथे बसून खाल्ला आम्ही, अर्थात कागद परत पिशवीत. इमारतीच्या पायऱ्या त्यांनी माझा हात धरून चढल्या, एक एक करत, वर गेल्यावर कमानीला टेकून दम घेतला आणि म्हणाल्या, म्हणजे त्या पण इथेच टेकत असतील. मला आधी कळलंच नाही कोण ते.

आत लेक सगळीकडे कॅरम शोधत होती. मी गोष्ट सांगितली होती ना, तर तिला वाटलं तो बोर्ड ठेवलेला असणार. तिथल्या एका काकांना जाऊन विचारलं तिने, ते हसले नाहीत, खाली वाकून तिला म्हणाले की बोर्ड नाहीये गं, पण तू विचारलंस हे बरं केलंस. मग तिला गांधीजींच्या खोलीपाशी घेऊन गेले आणि कुठल्या बाजूने ऊन येतं वगैरे दाखवलं. खोलीतल्या वस्तू तिनेही मोजल्या.

मग समाधी. चालत जायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली, दोनदा स्टुलावर बसून. जवळ आल्यावर सासूबाईंनी चपला काढल्या, काठी माझ्या हातात दिली आणि एकट्याच पुढे गेल्या. आधी महादेवभाईंच्या समाधीला हात लावला, मग बांच्या. मला वाटलं नमस्कार करून येतील. त्या तिथेच उभ्या राहिल्या. तळहात दगडावर ठेवलेला आणि मान खाली, ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. सासरे जाऊन सहा वर्षं झालीत. त्यांच्या हातात तेव्हापासून एकेक सोन्याची बांगडीच असते, ती दगडाला लागून बारीक आवाज होत होता, एवढी शांतता होती.

लेक हळूच जवळ गेली आणि विचारलं, आजी, त्या तुझ्याएवढ्याच होत्या ना? सासूबाई म्हणाल्या, हो, अगदी माझ्याएवढ्या. मग खाली बसल्या, स्टुलावर नाही, जमिनीवर, गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या जमिनीवर बसलेल्या मी पाहिलेल्या नाहीत, आणि लेकीला जवळ घेऊन सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, चिंचवडपासून. शाळेत सांगायच्या तसंच असणार. शेजारी एक कॉलेजचा मुलगा-मुलगी फोटो काढायला आले होते, ते पण येऊन बसले. मग नाशिककडचं एक कुटुंब. दहा-बारा जण झाले. अर्धा तास त्या बोलत होत्या, आवाज अजिबात चढवला नाही तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. उठवताना मात्र त्या कॉलेजच्या मुलाला बोलवावं लागलं, मला एकटीला जमेना.

फुलेवाडा यावेळी नाही झाला, त्या दमल्या होत्या आणि मी पेठेतलांचं ऐकलं, हट्ट केला नाही. पण आता त्याच म्हणतायत की ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला कधीतरी नेशील का. नेणार.

प्रॅक्टिकल माहिती म्हणून: स्टूल हवंच, थंडीत सकाळी स्वेटर न्या कारण झाडांखाली गार लागतं, आणि दोन तास पुरत नाहीत, आम्हाला साडेतीन लागले. खादीच्या दुकानातून सासूबाईंनी पांढरा पंचा आणि लेकीसाठी रुमाल घेतला.

घरी आल्यावर माळ्यावरून जुना कॅरमबोर्ड काढलाय. एक सोंगटी हरवलीय, तिच्या जागी शर्टचं मोठं बटण ठेवलंय, आणि रोज जेवणं झाली की आजी-नात बसतात खेळायला.

जुनं_पान:

ताई, पाठ करून ठेवावं असं लिहिलंय तुम्ही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या शिकवत असताना मी त्यांच्या वर्गात असायला हवा होतो. बोरिक पावडर मेडिकलमधे मिळते, बोर्डला तीच टाका, सोंगट्या सुळकन जातात.